लाल अक्षरं वाचायची नसतात

विल्मा ट्रॅस्कचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. रॉय लंडक्विस्टचं ऐकलं असेल. सत्तावीस वर्षं त्याने झोपायच्या वेळी सगळ्या अमेरिकेला टीव्हीसमोर बसवून हसवलं. पण तो जे बोलायचा ते विल्माच्या हातात असायचं. बरबँकच्या स्टुडिओत ती कॅमेऱ्याला खेटून उभी राहायची आणि पांढऱ्या पुठ्ठ्यांवर लिहिलेले विनोद एकेक करून त्याला दाखवायची. पाहुणा आला की पडदा ओढणारा मी. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

तिचा नियम सोपा होता. काळं ते बोलायचं, लाल ते फक्त करायचं. 'डावीकडे वळ', 'टाळ्या थांबू दे', हे सगळं लाल.

शेवटच्या दोन वर्षांत लाल अक्षरं वाढायला लागली. आधी पाहुण्यांची नावं आली, समोर कोण बसलंय ते रॉयला आठवावं म्हणून. मग वीस वर्षं रॉयशेजारी ट्रम्पेट वाजवणाऱ्या बँडवाल्याचं नाव आलं. रॉय बोलता बोलता थबकायचा आणि पेपरवाले लिहायचे, काय ती थांबण्याची कला! कला कसली, कपाळ! तो विल्माचा पुठ्ठा शोधत असायचा. तेवढ्या वेळात ती टाचा उंचावून पुठ्ठा आणखी वर धरायची. तालमीला निघताना तिला रोज उलटी व्हायची.

"कुणाला तरी सांगून टाक ना," मी म्हणायचो.

"आणि दीडशे माणसांच्या चुली विझवू? तुझीसुद्धा त्यात आहे, शहाण्या. शिवाय त्याने माझी गयावया केलीय, मार्गिटला कळू देऊ नकोस म्हणून." मार्गिट म्हणजे रॉयची बायको. घरी काही विसरलं की तो म्हणायचा, दमलोय.

रॉयच्या निरोपाच्या कार्यक्रमाला आमच्या मॉर्ट नावाच्या प्रोड्युसरने नवी टूम काढली. "शेवटी पुठ्ठे नकोत. रॉय मनापासून बोलेल. मार्गिट समोर असेल, तिचे आभार मानेल, लोक रडतील."

"एक तरी राहू दे," विल्मा म्हणाली.

"अगं बाई, चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोचं नाव कुणी वाचून घेतं का?" मॉर्ट हसला आणि उरलेले कोरे पुठ्ठे काखेत मारून गेला.

संध्याकाळी साडेपाचला रेकॉर्डिंग सुरू झालं. विनोद झाले, पाहुणे झाले. मग रॉय एकटाच स्टुलावर बसला. "आज मला एका बाईचे आभार मानायचेत," असं म्हणाला आणि थांबला. थांबूनच राहिला. त्याची नजर कॅमेऱ्याच्या बाजूला भिरभिरत होती, आणि तिथे काहीच नव्हतं. पडद्याआड माझ्या हातातली दोरी घामाने ओली झाली. मी खरंच घाबरलो होतो.

विल्माने पायाशी पडलेला वापरलेला पुठ्ठा उचलला, उलटा केला, कानामागचं पेन काढून भराभरा लिहिलं आणि वर धरला. पेन काळं होतं. लाल पेन आणायला वेळच नव्हता.

रॉयचा चेहरा उजळला. त्याने सगळंच्या सगळं वाचलं.

"मार्गिट. पहिली रांग, निळा कोट. तुझी बायको आहे. आभार मान."

सभागृह हसून हसून फुटलं. मॉर्टने मांडीवर थाप मारली. आजही तो तुकडा दरवर्षी टीव्हीवर दाखवतात, रॉयचा सगळ्यात भन्नाट विनोद म्हणून. नव्या पोरांना त्यावरून धडे देतात म्हणे. मी टीव्ही बंद करून टाकतो.

मार्गिट सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होती. पण कोटाचं बटण तिने मुठीत धरून ठेवलं होतं.

नंतर ती पडद्यामागच्या बोळातून सरळ आमच्याकडे आली. विल्मा मागे सरकत भिंतीला टेकली. थोबाडीत बसणार असंच तिला वाटलं. मार्गिटने आधी तो पुठ्ठा पाहिला.

"किती दिवस चाललंय हे?"

"दोन वर्षं. मार्गिट, मी तुला..."

"ते राहू दे आता." मार्गिटने तो पुठ्ठा हातात घेतला. "उद्यापासून तो घरीच असणार. त्याला वाचता येण्यासाठी अक्षर केवढं काढायचं, ते मला दाखव."

विल्माने पेन काढलं. घाईत घट्ट बसवलेलं टोपण तिला निघेना. शेवटी ते मार्गिटनेच काढलं.