बाराव्याची हजेरी

चाकणच्या एका कंपनीत आता मी गेट सांभाळतो. तिथली माणसं विचारतात, "काका, फौजेत असताना जर्मनीत काय पाहिलंत?" म्हणून सांगतो.

नोकरीच्या सोळाव्या वर्षी मला तिकडे धाडलं. ऑस्ट्रियाच्या सीमेवर डोंगरी सराव होता, सहा आठवड्यांचा. एक मेजर साहेब आणि आम्ही बारा जवान. मी हवालदार, गाव निघोजे. माझा जोडीदार नाईक सलीम शेख, दापोडीचा. तिथे त्याच्या अब्बांचं गॅरेज.

बेसच्या डोक्यावर, कड्यावर किल्ला होता आणि खाली कुणा जुन्या सरदाराची हवेली. हवेलीत ऑफिसर्स मेस. साडेपाचला पीटी, सातला नाश्ता, आठला दोरावरचा सराव. तिथला इन्स्ट्रक्टर किल्ल्याची फार ऐट मिरवायचा. सलीम मला म्हणाला, "राव, कड्यावर बसून कुणीपण लढंल. आपला चाकणचा भुईकोट सपाट जमिनीवर उभा राहून भांडला."

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, कड्यावरून जखमी उतरवण्याचा सराव होता. एक जर्मन शिपाई जखमी म्हणून स्ट्रेचरला बांधलेला. दोर सलीमच्या हातात, कड्याच्या मधल्या कपारीत. मी खाली रेडिओवर. अकरा वाजून वीस मिनिटांनी वरून दगड सुटायला लागले.

"सलीम, स्टोन! हट जा!"

"स्ट्रेचर लटका है. पहले इसे नीचे लो."

दोर सोडला असता तर वाचला असता. त्याने सोडला नाही. स्ट्रेचर जमिनीला टेकलं आणि मग मोठा दगड आला. सलीम जागीच गेला. तो जर्मन शिपाई जिवंत राहिला याचा मला राग नाही, अभिमान आहे.

गुरुवारी मेजर साहेबांनी बोलावलं. सराव आमच्यापुरता संपला होता, दुसऱ्या दिवशीची तिकिटं आली होती. सलीमचे कागद व्हायला आठवडा लागणार होता. तो मागाहून येणार होता, एकटा.

"साब, हम रुकेंगे."

"ऑर्डर है. स्ट्रेंथ ग्यारह लिखो."

स्ट्रेंथ म्हणजे रोज फळ्यावर लिहायचा हजर माणसांचा आकडा. माझं डोकं फिरलं. "नहीं लिखूँगा, साब." वरिष्ठाला दिलेला तो माझा पहिलाच नकार.

संध्याकाळी सहाला हवेलीसमोर फॉल-इन झालं. मी यादी वाचत होतो आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "नाईक सलीम शेख." चूक माझीच. पण दहाही जण एकदम ओरडले, "हाजिर!"

मेजर साहेब दारात आले. मी त्यांच्यादेखत फळ्यावर बारा लिहिलं आणि सॅल्यूट ठोकला. कोर्ट मार्शल झालं असतं तरी पुसलं नसतं. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, आत गेले आणि दिल्लीला फोन लावला. तिकिटं रद्द झाली.

आठ दिवस आम्ही थांबलो. शवागाराबाहेर दोन-दोन तासांचा पहारा लावला. मग सगळे एकाच विमानाने निघालो.

दापोडीत अब्बा गल्लीच्या तोंडाशी उभे होते. नखांत ग्रीस तसंच होतं. त्यांनी शवपेटीवर हात ठेवला आणि मला एवढंच विचारलं, "बेटा, माझं पोरगं इतक्या लांबून एकटं तर आलं न्हाई ना?"

"नाही, अब्बा. बारा गेलो होतो. बाराच्या बारा आलोय."