मामाने कोरडी म्हटलेली भिंत

माझ्या मामाला सगळे अंगठेबहाद्दर म्हणतात. लिहिता-वाचता झकास येतं त्याला, पण पाणी मुरलेली जिप्सम बोर्डची भिंत तो अंगठ्याने दाबून तपासतो. कुठपर्यंत कापायची, कुठली वाचवायची, सगळं अंगठा ठरवणार. ओल मोजायचं यंत्र मी विकत आणलं, तर म्हणाला, "खेळणं आहे, ठेव पिशवीत." हट्टी तर असा, की बोलायची सोय नाही. बारा वर्षं त्याच्याबरोबर भिंती दुरुस्त करतेय, म्हणून सांगते.

परवा एका घरात वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून बाळाच्या खोलीच्या भिंतीत पाणी उतरलं होतं. खाटेच्या वर, त्याच भिंतीला, पुस्तकांनी ठासून भरलेलं कपाट टांगलेलं. मामाने ठिकठिकाणी भिंत दाबली. "खालचा हातभर बोर्ड उद्या काढू. वर कोरडी ठणठणीत आहे." बाळाच्या आईचा जीव भांड्यात पडला. तिने बाळाला खाटेवर ठेवलं.

मी कपाटाखाली सहज हात टेकला. भिंत गार लागली आणि बोटं आत रुतली. मामाकडे वळले, तर त्याच्या अंगठ्यातून रक्त ओघळत होतं. कुठलातरी स्क्रू लागला असणार, आणि त्याला पत्ताच नव्हता.

"ताई, बाळाला उचला. आत्ता." मी ओरडले.

तिने उचललं. मी कपाटाला खांदा लावला, मामाने भराभर पुस्तकं उतरवली. कपाटाचे स्क्रू नुसत्या बोटांनी निघून आले. बोर्ड कापला तर आत पार लगदा झालेला.

मामा मटकन खाली बसला. "शुगरमुळे बोटं बधिर झालीत. सहा महिने झाले. सांगणार होतो तुला."

फार राग आला मला. पण तो पांढराफटक पडला होता, म्हणून गिळला.

"सहा महिन्यांत किती भिंती कोरड्या म्हटल्या गं मी?"

मी फोन काढला आणि गेल्या महिन्यात मामाने भिंत तपासलेल्या, जवळच्याच एका घरी स्पीकरवर लावला. तिथली बाई हसत म्हणाली, "मामांनी कोरडी सांगितली ना, म्हणून मोठा टीव्ही परत तिथेच टांगला. पोरं खालीच खेळतायत."

"त्यांना तिथून हलवा," मी म्हणेपर्यंत मामा दाराबाहेर, त्या घराकडे पळत सुटला होता.