कॉम्प्युटरला धाप लागते तेव्हा

माझ्या थोरल्या साडूंपासून आपलं दुखणं लपवू शकेल असा कॉम्प्युटर भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत तरी अजून जन्माला आलेला नाही. बाकीच्या जगाचं मी सांगत नाही, कारण साडू तिकडे अजून गेलेले नाहीत. गेले तर तिकडचंही तेच होईल. तसे ते गुरांचे डॉक्टर. सगळी नोकरी वेल्ह्याच्या डोंगरात अडलेल्या म्हशी सोडवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर विंझरला घर बांधलं आणि एक झकास कॅमेरा घेतला. कॅमेरा घेतला की माणसं किल्ले टिपतात, धबधबे टिपतात, निदान नातवंडं तरी टिपतात. यांनी गाईम्हशींचे चेहरे टिपायला घेतले. का, विचारलं तर म्हणाले, "माणसं फोटोत समदी एकसारखीच हसत्यात. म्हशीचं तसं न्हाई. तिला तुमी आवडला न्हाई तर ती तोंडावर दाखवती." असे चेहरे इतके साठले की फोटो जरा उजळ करायचा म्हटलं तरी कॉम्प्युटर मान टाकायला लागला. दुरुस्तीवाल्याने एक नजर टाकून सांगितलं, नवीन घ्या. साडूंचा असा पारा चढला की बस्स. "बैल लंगडतोय म्हणल्यावर मालकाला कुणी नवा बैल घ्या म्हणतं का? आधी खूर उचलून बघ की!" दुरुस्तीवाला गेला आणि साडूंनी स्वतःच खूर उचलला. त्या दिवसापासून त्यांनी आपलं अख्खं पशुवैद्यक कॉम्प्युटरला जसंच्या तसं लागू केलं आहे.

त्यांची तपासणी बघण्यासारखी असते. आधी मालकाची उलटतपासणी, मग रोग्याच्या अंगावर हात, मग मशीन आत काय करतंय ते दाखवणारा आकड्यांचा तक्ता पडद्यावर उघडून नाडी. आमच्या भोरच्या सलीमभाईंच्या स्टुडिओत ऐन लग्नसराईत कॉम्प्युटर ठप्प झाला होता. नवरीच्या गालावरचा एक डाग काढायचा तर सलीमभाई एक चहा पिऊन यायचे. साडूंनी खुर्चीत बसून पहिलाच प्रश्न टाकला, "सलीमभाई, ह्यो खातो काय?"

"डॉक्टर, म्हस न्हाई ही. लाईट खातो, दुसरं काय?"

"लाईट न्हवं. फोटो कुठनं खातो?"

फोटो कॅमेऱ्यातल्या कार्डावरच होते आणि सलीमभाई ते तिथूनच उघडत होते. साडूंनी कपाळाला हात लावला. "जनावर गोठ्यात आन् कडबा रानात! एकेका पेंढीला हेलपाटा घालतंय बिचारं. आधी समदा कडबा गोठ्यात आणा की." फोटो कार्डावरून आतल्या डिस्कवर घेतले आणि नवरी अशी भराभर उजळत गेली की सलीमभाईंचा चहा गार झाला. पानशेतला शेतघर बांधलेल्या एका पुणेकर पाहुण्यांचा भारीतला लॅपटॉप असाच फोटोंवर रेंगाळत होता. साडूंनी त्याचं अंग चाचपलं आणि गंभीरपणे विचारलं, "ह्याला शेवटचं कधी पाजलंय?" पाहुणे बायकोकडे बघायला लागले. वायर पिशवीतच होती आणि चार्जिंग पुरवून वापरायची सोय चालू होती. उपाशीपोटी, अंग राखून काम करत होता तो. वायर लावली, सोय बंद केली, गडी पळायला लागला. "पाजत जा वेळेवर," एवढं सांगून साडू निघाले, पण फाटकापर्यंत जाताना मला तेच तीनदा ऐकवलं. आपण केलेला उपचार ते स्वतःजवळ ठेवत नाहीत. विनय हा गुण त्यांनी बहुधा दुसऱ्या कुणाला देऊन टाकला आहे.

मी मात्र त्यांच्यापुढे कायम तोंड वासून बसलेला असतो. माझं कॉम्प्युटरचं ज्ञान बंद करून चालू करणे या एका विद्येवर संपतं. फारच अडलं तर मी उंदीर बदलतो. म्हणून यंदा थंडीत माझं मशीन बसलं तेव्हा मी घाबरलो, कारण काम साधं नव्हतं.

आमच्या सासूबाई आंबवड्याला मेव्हण्याकडे असतात. गेलं वर्षभर त्यांच्या डोक्यातली माणसं पुसट होत चालली आहेत. जुने फोटो मोठे करून दाखवत जा, असं तिथल्या डॉक्टरांनी, म्हणजे माणसांच्या, सांगितलं होतं. सासऱ्यांचा घरात एकच फोटो. देवळापुढे गावकऱ्यांबरोबर उभे आहेत. चेहरा बोराएवढा आणि त्यावरून बरोबर घडी गेलेली. तो मी स्कॅन करून घडी पुसत बसलो होतो. अशात सासूबाईंनी माझ्या बायकोला, म्हणजे पोटच्या पोरीला, विचारलं, "तुमी कुठल्या गावच्या, बाई?" बायको घरी येऊन नुसती भांडी घासत राहिली. फोटो लवकर व्हायला हवा होता. आणि इकडे घडीवर एक रेघ फिरवली की ती उमटेपर्यंत मी दाढी करून येत होतो.

साडू विंझरहून दोन एसट्या बदलून आले. आल्याआल्या त्यांनी छताचा पंखा बंद करायला लावला आणि कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून डोळे मिटले. घरात कुणी श्वास घेईना. मग त्यांनी तक्ता उघडला. "पोटात जागा हाय. डिस्क निवांत हाय. म्हंजे खाण्याचं दुखणं न्हाई." डब्याच्या पाठीवर पंजा ठेवला आणि चटकन उचलला. "अंग चुलीगत तापलंय की! आन् नाडी बघा, कशी मंद केलीया. पळवलं तर मरंन म्हणून हे स्वतःच हळू चालतंय. पाव्हणं, ह्याला धाप लागलीय."

स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला आणि आम्ही सगळे एक पाऊल मागे सरलो. आत लालभडक. पंख्याच्या पात्यांवर कुंकू, जाळीत हळद, कोपऱ्यात अक्षता आणि झेंडूची वाळकी पाकळी. दर खंडेनवमीला आमच्या घरी कोयता, शिवणयंत्र आणि मोटरसायकलीबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते. पूजा बायको करते, आणि मनापासून करते. तिला जाळीचा भाग कपाळासारखा वाटला होता.

"दाजी, मग पूजा करायची न्हाई का?" तिने रडवेल्या आवाजात विचारलं.

"कर की, लई कर! पण पोळ्याला बैलाच्या कपाळाला लावतीस का नाकपुडीत कोंबतीस?"

मग त्यांनी लेन्सवरची धूळ उडवायचा रबरी फुगा आणि रंगाचा मऊ ब्रश काढला आणि तापलेल्या वासराला कुरवाळावं तसं एकेक पातं साफ केलं. पत्रा लावला, कळ दाबली. घडीवर मी रेघ फिरवली तर ती बोटाबरोबर धावली. साडूंनी चहा मागवला आणि अडलेल्या म्हशींच्या सगळ्या गोष्टी पहिल्यापासून सांगितल्या. मी त्या आनंदाने ऐकल्या. संध्याकाळपर्यंत सासरे घडीतून बाहेर आले: मिशा, फेटा, थोडे रागावल्यासारखे डोळे.

सलीमभाईंनी फोटो पाटाएवढा छापून दिला आणि आम्ही आंबवड्याला गेलो. सासूबाईंपुढे तो भिंतीला टेकवून ठेवला. त्या बघत राहिल्या. बायको म्हणाली, "आई, हे कोण गं? ओळखलंस का?" मेव्हणा म्हणाला, "आई, नीट बघ, कोण हायेत?" मीही पुढे वाकून काहीतरी विचारलंच. सासूबाईंची नजर आमच्या तोंडांवरून भिरभिरायला लागली, ओठ हलले आणि थांबले.

"गप बसा समदी," साडू हळूच म्हणाले. असा हळू आवाज त्यांना आहे, हे मला माहीत नव्हतं. "एकदा विचारलंय न्हवं? त्ये आत गेलंय. आता वरनं आणखी टाकू नका. थांबा."

आम्ही थांबलो. बाहेर कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज आला. सासूबाई पुन्हा फोटोकडे वळल्या. खूप वेळ काही झालं नाही. मग त्यांचा हात खांद्याकडे गेला, पदर चाचपला आणि सावकाश डोक्यावर ओढून त्यांनी तो कपाळापर्यंत नीट सारखा केला. सासरे हयात असताना ओसरीवर त्यांच्या वहाणा वाजल्या की त्या अशाच पदर घ्यायच्या.

नाव त्यांनी घेतलं नाही. तसं त्या ते कधीच घेत नव्हत्या. बायकोने तोंडाला हात लावला. आणि आमचे साडू, ज्यांनी आजवर एकही बरा केलेला रोगी न मिरवता सोडला नाही, ते अवाक्षर न बोलता उठले, ओसरीवर जाऊन बसले आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.