जिऱ्याच्या पुडीतली राणी

माझ्या सासूबाई प्रेमकुंवर यांचं शिक्षण चौथीपर्यंत. पारोळ्याला भर बाजारात आमचं किराणा दुकान, आणि दुकानाच्या मागेच घर. पुड्या बांधायला रद्दी लागायची, ती भुसावळच्या रेल्वे कॉलनीतून पोत्यानं यायची. दुपारी जेवणं आटोपली की सासूबाई त्या पोत्याशी बसायच्या आणि पानं सुटी करून त्यांची चळत लावायच्या. मी एकाहत्तर साली लग्न होऊन या घरात आले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन तासांत त्यांची पंधरा पानंसुद्धा सुटी होत नाहीत.

कारण प्रत्येक पान त्या आधी वाचत.

कॉलनीत कुणीतरी साहेब असावा, ज्याला ग्रहताऱ्यांच्या आणि जादूटोण्याच्या कादंबऱ्यांचा नाद होता. त्याच्या घरची रद्दी आली की सासूबाई ओळखायच्या. पुठ्ठे आधीच निघालेले असत, त्यामुळे पुस्तकाचं नाव कधीच कळायचं नाही. नावं त्याच ठेवायच्या. 'दाढीवाल्याचं पुस्तक' म्हणजे ज्यात एका जादूगाराच्या दाढीत सात महाल असतात आणि राजकन्या सातव्यात कोंडलेली असते. ते वाचून झाल्यावर मी विचारलं, "कसं होतं?"

"चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "पण सात महाल झाडतं कोण, ते लिहिलंच नाही. लिहिणारा पुरुष असणार."

त्यानंतर 'यानाचं पुस्तक' आलं. त्यात काही लोक यानात बसून सूर्याभोवती फिरत राहतात, त्यामुळे त्यांना रात्रच होत नाही. हे वाचून सासूबाई दोन दिवस अस्वस्थ होत्या. आमच्या जैन घरात सूर्य मावळल्यावर अन्नपाणी वर्ज्य. यानात सूर्य मावळतच नसेल, तर माणसानं जेवण थांबवायचं कधी? त्या वर्षी चातुर्मासाला गावात महासतीजी, म्हणजे आमच्या साध्वी, आल्या होत्या. प्रवचन संपल्यावर शंका विचारायची वेळ आली, तशा सासूबाई हात जोडून उठल्या. मी त्यांचा पदर ओढला.

महासतीजींनी शंका शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "ते यान चालतं कशावर?"

"इंधनावर, महाराज."

"म्हणजे वाहन झालं. आम्ही वाहनात बसत नाही. आमचा प्रश्न मिटला. तुमचा तुम्ही बघा."

सासूबाई घरी आल्या त्या समाधानानं. "बघ," मला म्हणाल्या, "आपण चालत गेलो तर ही अडचणच येणार नाही."

खरा गोंधळ झाला तो बहात्तरच्या उन्हाळ्यात, 'विश्रामच्या पुस्तका'वरून. विश्राम नावाचा इंजिनियर वाट चुकून एका ग्रहावर उतरतो. तिथल्या लोकांना तोंडच नसतं, ते कानांनी बोलतात. तिथली राणी त्याला पकडते, भर दरबारात उभं करते आणि म्हणते, 'परक्या माणसा, आता तुझ्यापुढे दोनच मार्ग आहेत. पहिला म्हणजे...'

इथे एकशे बारावं पान संपत होतं. सासूबाईंनी पान उलटलं तर खाली नुसती शिवण. बाजाराच्या दिवशी गर्दीत पुड्यांचे कागद संपले म्हणून माझ्या सासऱ्यांनी, लखीचंदजींनी, हाताला लागलं ते पुस्तक मागच्या बाजूनं फाडत नेलं होतं. चोवीस पानं गेली.

"त्याच्यापुढे मार्ग कोणते होते?" सासूबाईंनी दुकानात येऊन विचारलं.

सासरे तराजूत साबुदाणा घालत होते. "कोणाच्या?"

"विश्रामच्या! त्याचं काय झालं ते तुम्ही गावात वाटून टाकलंत!"

सासऱ्यांनी आधी हात झटकले. पण कुणी काय नेलं हे त्यांना तोंडपाठ असायचं, आणि ते दाखवायची संधी त्यांना सोडवेना. "हळद भागाबाईला. ओवा प्रमिलाबाई मास्तरणीला. जिरं कौतिक आबाला. धने..." अशी चोवीस नावं त्यांनी एका दमात सांगितली. सासूबाईंनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "चल."

पहिलं घर भागाबाईंचं. त्या अंगणात पापड वाळत घालत होत्या. हळदीची पुडी अजून फडताळात होती. सासूबाईंनी हात पुढे केला, तशी भागाबाईंनी पुडी मागे घेतली.

"पहिले माले सांगा शेठाणी, हाऊ विश्राम कोन शे?"

मग पापडांशेजारी बसून पहिल्यापासून गोष्ट सांगावी लागली. ऐकून झाल्यावर भागाबाईंनी हळद वाटीत ओतली आणि पान दिलं. पिवळ्याधमक पानावर विश्राम एका पुलावरून पळत होता. का पळत होता ते कळायला मार्ग नव्हता.

प्रमिलाबाई शाळेत मास्तरीण. त्यांनी ओव्याचं पान जपून ठेवलं होतं, पण त्यावर लाल शाईनं शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या होत्या आणि खाली 'अक्षर बरे' असा शेरा मारला होता. "छापील अक्षर आहे हो ते," मी म्हटलं. "म्हणूनच बरे लिहिलं," त्या म्हणाल्या. गोष्ट मात्र त्यांनीही पहिल्यापासून ऐकली.

असं दर घरी झालं. तीन दिवसांत सासूबाईंनी ती गोष्ट सोळा वेळा सांगितली आणि दर वेळी ती थोडी वाढली. नवव्या घरापर्यंत राणीला एक खाष्ट नणंद झाली होती. मी आठवण केली, "नणंद पुस्तकात नाही." सासूबाई म्हणाल्या, "तोंड नसलेल्या घरात भांडण कसं होतं ते बायकांना कळायला नको?"

एकशे तेरावं पान, म्हणजे जिथे राणी दोन मार्ग सांगते ते, निघालं कौतिक आबांकडे. पण आबांनी जिरं डब्यात ओतून त्या कागदात मळ्यावर न्यायला भजी बांधली होती. कागद तेल पिऊन पार आरपार झाला होता. पुढची ओळ मागे दिसत होती, मागची पुढे.

"पान दिसू," आबा म्हणाले, "पन माले बठ्ठी गोट आयकनी शे. शेवटलगुन."

आबा पान द्यायला तयार होते, पण त्यांना सगळी गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची होती, तेव्हा रविवारी दुपारी सगळ्यांनी आमच्याच ओट्यावर जमायचं ठरलं. भागाबाई पापड घेऊन आल्या, प्रमिलाबाई लाल शाईचं पेन घेऊन. मिळालेली सोळा पानं क्रमानं लावली. ओट्यावर हळद, ओवा, हिंग यांचा एकत्र वास सुटला. सासूबाई वाचत आल्या, एकशे बारा संपलं, आणि त्यांनी भज्यांचं पान उन्हासमोर धरलं. सगळ्यांच्या माना पुढे आल्या.

"पहिला म्हणजे... विवाह," सासूबाईंनी अडखळत वाचलं. "दुसरा... नळ. नळ... दुरुस्त... तीन दिवसांत."

"नळ नव्हे, ते 'अनल' असेल," प्रमिलाबाई म्हणाल्या. "अनल म्हणजे अग्नी. राणी त्याला जाळायचं म्हणतेय."

ओट्यावर कुणालाही हे पटलं नाही. त्या वर्षी दुष्काळ होता, गावात टँकरपुढे हंड्यांची रांग लागत होती.

"इंजिनियर शे ना तो?" भागाबाई कडाडल्या. "मंग राणी त्याले पान्याचंच सांगई! लगीन कोनसंगे बी व्हई."

मतं घेतली. नळाच्या बाजूनं सतरा, अनलाच्या बाजूनं एक. मग पुढची पानं आपोआप जुळली. विश्राम पुलावरून पळत होता तो पाना आणायला. शेवटच्या पानावर 'सर्वांच्या डोळ्यांत पाणी आले' असं होतं. भागाबाई म्हणाल्या, "उनं ना पानी?" नळाला पाणी आलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. कौतिक आबांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात वेगळाच त्रास सुरू झाला. गिऱ्हाईक जिरं मागायचं आणि वर म्हणायचं, "गोष्टीच्या कागदात द्या, हिशेबाच्या नको." एक बाई मिरी परत घेऊन आली, कारण तिला आलेल्या पानात सगळा निसर्ग होता आणि काहीच घडत नव्हतं. सासरे सुरुवातीला चिडले. मग एकदा मी चहा घेऊन गेले तर ते स्वतः पोत्यावर बसून वाचत होते आणि समोर गिऱ्हाईक मुकाट्यानं उभं होतं.

चौऱ्याहत्तर साली सासूबाईंनी जळगावच्या एका वाचनालयात नाव घातलं. पहिल्यांदाच त्यांच्या हातात पुठ्ठ्यासकट, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत असलेलं पुस्तक आलं. परतीच्या एसटीत बसल्यावर त्या लगेच वाचायला लागल्या. समुद्राच्या तळाशी एक शहर असतं आणि तिथला राजा दर अमावास्येला मासा होतो, अशी काहीतरी गोष्ट होती. त्यांच्या खांद्यावरून मीही वाचू लागले. एरंडोल गेलं. पारोळाही गेलं असणार. कंडक्टर "चला, धुळे" म्हणाला तेव्हा आम्ही मान वर केली.

धुळ्याला सासूबाईंचे भाऊ दलिचंद राहायचे. त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्या फोनवरून पारोळ्याला शेजारच्या पेढीत ट्रंककॉल लावला. सासरे धावत आले.

"पारोळ्याला उतरायला काय झालं होतं?" ते इतक्या जोरात ओरडले की मला लांबून ऐकू आलं.

"राजा मासा झाला होता," सासूबाई म्हणाल्या, "आणि नेमकं त्याच दिवशी कोळ्यांनी जाळं टाकलं. मी उतरणार कशी?"

मीही रिसीव्हरजवळ कान नेला. मग सासऱ्यांचा आवाज उतरला. "सापडला का?"

सासूबाई सांगू लागल्या. जाळं वर आलं, टोपलीत मासे पडले, कोळणीनं कोयता उचलला. तेवढ्यात मध्येच ऑपरेटर बाईंचा आवाज आला.

"तीन मिनिटं झाली."

सासूबाई फोन खाली ठेवू लागल्या. सासरे पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होते.

"थांबलात का?" ऑपरेटर बाई म्हणाल्या. "बोला ना. कोयता उचलला, मग?"