गीझरच्या पुस्तिकेतून मी काढलेली ओळ

तुमचे आजोबा स्टुलावर उभे, हातात पाना, आणि मी खाली उभी राहून त्यांना पुस्तिका वाचून दाखवते आहे. दादरच्या आपल्या घरातलं बाथरूम, रविवारची सकाळ. गीझर ठिबकत होता.

पुस्तिका माझीच होती. ईरा, कबीर, आजी ‘ऑफिसात काहीतरी लिहायची’ एवढंच तुम्हाला माहीत आहे. करी रोडला एका गीझरच्या कंपनीत मी मॅन्युअल लिहायचे. नव्या गीझरच्या खोक्यात येतं आणि कोणी उघडत नाही, ते पुस्तक. खुद्द गीझर मीही कधी उघडला नव्हता.

“पुढे काय?” आजोबांनी विचारलं.

“पायरी तीन. मेन स्विच बंद असल्याची खात्री करा.”

“तो मगाशीच बंद केला.”

“तरी खात्री करा, असं लिहिलंय.”

“कोणी लिहिलंय?”

मी पान उलटलं.

आम्ही नळ्यांचे सांधे सोडवले, त्यांवर टेफ्लॉन टेप, म्हणजे पांढरी पातळ पट्टी, गुंडाळली आणि पुन्हा आवळले. सांधे कोरडे. गीझर चालू केला. थोड्या वेळात पुन्हा थेंब. या वेळी नीट पाहिलं, तर ते सांध्यातून येतच नव्हते. गार पाणी आत जातं तिथे एक पितळी व्हॉल्व्ह असतो. त्याला बाजूला बारीक तोंड असतं. पाणी तिथून येत होतं.

“हे तोंडच बुजवून टाकतो,” आजोबा म्हणाले. ते बँकेतून रिटायर झालेले, निर्णय झटपट. त्यांनी दोन रंगांची पुट्टी मळायला घेतली. ती वाळली की दगड होते.

पण बुजवण्याबद्दल पुस्तिकेत एक अक्षर नव्हतं, आणि पुस्तिकेत नाही ते करायचं नाही हा माझा नियम. मी आमच्या सर्व्हिस विभागाच्या परबांना फोन लावला.

“मॅडम, थंड असताना गळतंय की तापताना?”

“तापताना.”

“मग गळती नाय ती. पाणी तापलं की फुगतं, जास्तीचं तिथून बाहेर पडतं. तोंड बुजवलं तर टाकी फाटेल. साहेबांना आधी खाली उतरवा.”

“मग हे पुस्तिकेत का नाही?”

“जुन्यात होतं, मॅडम. नव्यात तुम्ही काढलंत.”

आठवलं. ‘व्हॉल्व्हमधून थोडे पाणी ठिबकणे स्वाभाविक आहे, ते तोंड बंद करू नये.’ आठ पानांत बसवा, असं वरून सांगितलं होतं आणि ही एक ओळ नवव्या पानावर सांडत होती.

“मग मळलेलं हे आता कुठे लावू?” आजोबांनी वरून विचारलं. मी काय सांगितलं, ते इथे लिहीत नाही.

सोमवारी मी मॅनेजर सामंतांसमोर उभी राहिले. पुस्तिका छापून झाल्या होत्या, खोकी गोडाऊनमध्ये सील झाली होती, काही दुकानांतही गेली होती.

“पुढच्या आवृत्तीत घालू, मॅडम. एवीतेवी वाचतं कोण?”

“तेच तर. न वाचता लोक पुट्टी आणतात. वाचूनही आणतात. काल आमच्याकडे मळून झाली होती.”

सामंतांनी चष्मा काढला. “खोकी उघडायची तर वर कारण द्यावं लागेल. चूक कोणाची लिहू?”

“माझी लिहा.”

त्यांनी लिहिली. माझ्या नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर लिहिलं.

परब म्हणाले, पुस्तकात नको, थेट व्हॉल्व्हवरच लाल स्टिकर लावा. तीन दिवस मी पॅकिंगच्या बायकांबरोबर गोडाऊनमध्ये बसून स्टिकर लावत होते. त्यांच्यातली एक म्हणाली, “बाई, तुमचे वाकडे लागतायत.” विकल्या गेलेल्या गीझरसाठी परबांची माणसं घरोघर गेली.

शीवच्या एका घरातून परब एक लाकडी खुंटी घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवली. त्या घरच्या आजोबांनी व्हॉल्व्हच्या तोंडात ठोकली होती. वेळेत निघाली. छान तासलेली, टाइल्सना शोभेल असा पांढरा रंगही दिलेला.

तेव्हा मुलांनो, व्यवस्थित माणसांपासून जपून राहा. ती पान नीट दिसावं म्हणून ओळ काढतात आणि बाथरूम कोरडं दिसावं म्हणून भोक बुजवतात.