पडलंय ते पडलंय

निपाणीच्या स्टँडवर गाडी थांबली आणि खिडकीतून तंबाखूचा वास आत आला. उग्र, किंचित गोडसर, घशाशी जाऊन बसणारा. कोल्हापूरला आजारी मावशीपाशी राहून मी बेळगावला परतत होते. अंग इतकं आंबलेलं, की मांडीवरची पिशवी खाली ठेवण्याचाही कंटाळा. शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. मी मात्र तो वास भरून घेतला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात हलक्या दुपारी ह्याच वासात गेल्या आहेत.

बोरगावच्या एका मित्राच्या घरची निपाणीत तंबाखूची वखार होती. रविवारी जेवणं झाली, की तिच्या माडीवर आम्ही चौघं जमायचो. कॉलेजातली ओळख, आता सगळे आपापल्या कामाला जुंपलेले. एक मैत्रीण बेळगुंदीची. घरी रताळ्याची शेती, शहरात कॉम्प्युटरवरची नोकरी. चौथा निपाणीच्या कोर्टात नुकताच उभा राहू लागलेला वकील, पण बोलण्यापेक्षा चहा करण्यात अधिक रमणारा.

आमच्या खेळाला पट नव्हता. एकानं गोष्ट रचत न्यायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं. गोष्ट रचायचं काम माझ्याकडे होतं आणि गोष्टीतलं जंगल मी कणकुंबीकडचंच उचललं होतं: जळवा, धुकं आणि कुठूनसा सतत येणारा पाण्याचा आवाज. आपल्या माणसात ताकद किती, अक्कल किती, धीर किती, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं नाही. फासे टाकायचे आणि पडेल ते पदरात घ्यायचं. बोरगावच्याला असं दान पडलं, की आम्ही टाळ्या वाजवल्या. रेड्याची ताकद, हरणाची चपळाई आणि वर शहाणपण. वकिलाच्या वाट्याला बेताचा वैद्य आला. बेळगुंदीच्या मैत्रिणीचे फासे मात्र जणू रुसले होते. चार पावलांत दम लागणारी, धड काही न येणारी एक बाई तिच्या हाती आली.

“परत टाक गं,” वकील म्हणाला. “हिला घिऊन जंगलात कसं जायचं?”

“न्हाय. पडलंय ते पडलंय. बघू की किती चालतीया.”

असा विजोड मेळ सांभाळणं गोष्ट सांगणाऱ्याला किती जड जातं, हे हा खेळ खेळलेल्यांनाच कळेल. बोरगावच्याच्या दांडग्या गड्याच्या तोडीचा वाघ आणावा, तर तो बाकीच्या दोघांना घासात संपवणार. त्यांना झेपेलसा आणावा, तर गडी त्याला हातानंच परतवणार. हळूहळू असं झालं, की दार अडलं, पूल मोडला, दरोडेखोर आले, काहीही झालं तरी सगळ्यांच्या माना बोरगावच्याकडे वळायच्या. तो फासे टाकायचा, जिंकायचा आणि आम्ही चहा प्यायचो.

थंडी सरत आली होती त्या दिवसांत. गोष्टीत एक दगडी दार आलं. सवयीनं दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं फासे उचलले, तळहातावर धरून ठेवले आणि न टाकताच खाली ठेवले.

“मला जमंना झालंय,” तो म्हणाला. “घरात बी मीच, हितं बी मीच.”

त्याचे वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेत, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पण विचारलं, की “बरं हाय” म्हणून तो विषय मिटवायचा. त्या दुपारी मात्र तो बोलला. आईला उचलणं होत नाही, भाऊ शिकायला बाहेर, आणि शेत, वखार, दवाखाना सगळं ह्याच्या एकट्याच्या अंगावर. “आप्पास्नी उचलून उचलून पाठ गेलीया. आणि कोन बी आलं की म्हनतंय, तू हाईस म्हनून बरं.”

मग बेळगुंदीच्या मैत्रिणीनं आपल्या बाईचं दान लिहिलेला कागद त्याच्यापुढं सरकवला. “माझी बाई घे. तुझा गडी मला दे.”

“हिला काय येतंय?”

“काय सुदिक येत न्हाय. दार ऱ्हाऊ दे. पुढं व्हडा हाय, चल.”

ओढ्याच्या काठावर त्यानं त्या बाईच्या आवाजात जाहीर केलं, “मला दम लागलाय. मी बसले बाई.” आणि खरोखरच बसला. मैत्रिणीच्या गड्यानं तिला पाठुंगळी घेतलं, वैद्यानं बोचकी डोईवर घेतली, आणि तिघं पाण्यात उतरली. पाठीवरून ती बाई हुकूम सोडत होती, हळू चाला, माझं लुगडं भिजतंय. आम्ही पोट धरधरून हसलो. तोही हसता हसता डोळे पुसू लागला. मग हसणं थांबलं, तरी डोळे पुसणं थांबलं नाही.

संध्याकाळी वकील त्याच्याबरोबर बोरगावला गेला, तो रात्री तिथंच राहिला. पुढचे रविवार माडीऐवजी त्या घरात गेले. आप्पांना कुशीवर वळवायला वकील, भरवायला मैत्रीण, मित्राच्या आईशी बोलत बसायला मी. परक्या पोरीच्या हातून खायला आप्पा आधी तोंड फिरवायचे. नंतर जड जिभेनं “आक्का आली का?” असं विचारू लागले. आम्ही पोचलो, की मित्र आतल्या खोलीत जाऊन झोपायचा, मेल्यासारखा झोपायचा. उन्हाळा सरताना आप्पा गेले. खेळ त्यानंतर सुरू झाला नाही. मैत्रीण पुण्याला गेली, वकिलाला अशिलं मिळू लागली, मी माझ्या संसारात रुतले.

मध्यंतरी वकिलाच्या नातीच्या बारशाला चौघं पुन्हा भेटलो. खेळाचा विषय कुणीच काढला नाही. केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे, प्रत्येकाच्या खिशात कसली ना कसली गोळी. जेवणं झाल्यावर बोरगावचा खुर्चीतच पेंगला. तेवढ्यात वकिलाचा कुणी नातेवाईक त्याला “अण्णा, जरा येता काय, भांडी गाडीत चढवायची हाईत,” म्हणत आला. मैत्रिणीनं त्याला खुणेनं गप्प केलं, पदर खोचला आणि स्वतःच उठून गेली.

वकील आणि मी आवाज उतरवून बोलत राहिलो. पंख्याच्या वाऱ्यानं बोरगावच्याचे विरळ केस हलत होते, तोंड किंचित उघडं होतं. आता आपल्या सगळ्यांच्याच अंगात थकवा वस्तीला आला आहे. तो एका झोपेनं जाणारा नाही. पण ज्यांच्यासमोर असं निवांत, तोंड उघडं टाकून झोपता येतं, अशी माणसं कुणाच्या वाट्याला कशी येतात, ह्याचा मी विचार करत होते. त्याला कुणी उठवलं नाही.