अलीगंजातलं तुर्कस्तान

किस्से काही मी ठरवून जमवले नाहीत. पण अलीगंजात टायपिंगचं दुकान टाकून सव्वीस वर्षं झाली, आणि ड्रॉवरच्या कोपऱ्यात स्टेपलरच्या वाकड्या पिना साचतात ना, तसे ते साचत गेले. एक काढायला जावं तर चार चिकटून येतात!

आज फक्त तुर्कस्तानचे सांगते. हो, तुर्कस्तानचे! मी तिकडे कधी गेलेली नाही. लग्न होऊन अमरावतीहून लखनौला आले, ह्यांची एअरफोर्सची नोकरी संपली तरी इथंच राहिलो, एवढाच माझा प्रवास. तरी गेल्या वर्षभरात तुर्कस्तानच्या मंत्र्यांबद्दल जेवढं ऐकलं, तेवढं सासरच्या माणसांबद्दलही ऐकलं नसेल. कळलं मात्र काहीच नाही, हे आधीच सांगून ठेवते.

*

रिझवी साहेब इतिहासाचे रिटायर्ड प्रोफेसर. वय ब्याऐंशी. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, पिशवीत अकरा रजिस्टरं.

"बिटिया, हिंदी में एक किताब टाइप करानी है. तुर्की की सियासत. उन्नीस सौ पचास-साठ का ज़माना."

मी विचारलं, "आप वहाँ रहे हैं, सर?"

"नहीं."

"गए तो होंगे?"

"नहीं. लोग चाँद पर भी तो किताब लिखते हैं."

"सर, चाँद कम से कम दिखता है!"

ते इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. बसल्यावर त्यांनी सांगितलं, की ते कॉलेजात जायला लागले तेव्हा त्यांचे अब्बा रोज रेडिओला कान लावून तिकडच्या एका खटल्याच्या बातम्या ऐकायचे. ज्या दिवशी तिथल्या माजी पंतप्रधानाला फाशी दिल्याची बातमी आली, त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत. का जेवले नाहीत, ते त्यांनी सांगितलं नाही आणि साहेबांनी विचारलं नाही. "बस, तब से ढूँढ रहा हूँ," म्हणाले.

अक्षर मात्र असं, की एकही ओळ लागेना. शेवटी ठरलं, सोमवार-बुधवार-शुक्रवार ते येऊन वाचून दाखवणार आणि मी टाइप करणार. पहिल्याच दिवशी तिसऱ्या ओळीवर गाडी अडली. चष्मा वर, चष्मा खाली, रजिस्टर उजेडात धरून झालं. मग वैतागून ओरडले, "किस जाहिल ने लिखा है ये!"

*

आता गोष्ट काय होती, ती मला समजली तशी सांगते. तिकडे पुष्कळ वर्षं एकाच पार्टीचं राज्य होतं. मग निवडणूक झाली आणि विरोधक जिंकले. सत्तेतले म्हातारे राष्ट्राध्यक्ष मुकाट्यानं विरोधी बाकावर जाऊन बसले. नव्या पंतप्रधानानं दहा वर्षं राज्य केलं. मग एका पहाटे लष्करानं त्याला उचललं, एका बेटावर नेऊन खटला चालवला आणि फासावर चढवलं.

एवढंच असतं तर सोपं होतं. पण नावं! प्रत्येकाला दोन-दोन, तीन-तीन. कुणी पाशा, कुणी बे. शेवटी मी पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहून भिंतीला लावलं: "बूढ़े = पुराने राष्ट्रपति. नए = प्रधानमंत्री, फाँसी हुई."

दुसऱ्याच दिवशी रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या एका बाईंनी ते वाचलं आणि घाबरून विचारलं, "मैडम, ये कब हुआ? हमने तो आज टीवी नहीं देखा!"

*

नावांवरूनच आणखी एक.

रिझवी साहेबांनी सांगितलं, की तिकडे पूर्वी आडनावच नसायचं. मग सरकारनं कायदा केला: प्रत्येकानं अमुक मुदतीत एक आडनाव घ्या! लोकांनी आवडतील ती घेतली. कुणी वाघ झाला, कुणी डोंगर.

मी टाइप करता करता थांबले. म्हटलं, "सर, असं करता येतं? आपलं आपण निवडायचं?"

तेवढ्यात काउंटरवर एक गृहस्थ आले. भाडेकरार टाइप करून हवा होता. भिंतीवरच्या लायसन्सवर माझं नाव वाचलं आणि सुरू झाले, "वैशाली गजभिये... ये गजभिये क्या होता है, मैडम?"

"सरनेम है. महाराष्ट्र का."

"हाँ, वो तो ठीक है. मतलब, आप लोग होते क्या हैं?"

हा प्रश्न मला लखनौत इतक्या वेळा विचारला गेलाय, की त्याची चाहूल मला आधीच लागते. कधी मी उत्तर देते, कधी प्रिंटर बिघडल्याचं नाटक करते. त्या दिवशी काय करावं ह्याचा विचार चालला होता. रिझवी साहेबांनी रजिस्टरमधून मानसुद्धा वर केली नाही.

"तुर्क," ते म्हणाले.

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे. मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे. भाडेकरार न करताच निघून गेले!

*

पुस्तकाच्या कव्हरचं ऐका. डिझायनर इंदिरा नगरात बसतो. मी त्याला फोनवरून मेसेज टाकला, "तुर्की की राजनीति". घाईत होते, फोननं आपल्या मनानं शब्द बदलला तो मी पाहिलाच नाही.

चार दिवसांनी कव्हर आलं. हिरवंगार. मधोमध एक लांब, शिरा-शिरांची भाजी, आणि वर ठळक अक्षरांत, "तुरई की राजनीति".

तुरई म्हणजे आपला दोडका!

मी फोन लावला. "भैया, ये क्या है?"

तो म्हणाला, "मैडम, मुझे भी अजीब लगा. पर प्रोफ़ेसर लोग आजकल किसी भी चीज़ पर लिख देते हैं."

रिझवी साहेबांना दाखवायची हिंमत होईना. दाखवलं. बराच वेळ कव्हर न्याहाळलं त्यांनी. म्हणाले, "सियासत तो इसमें भी है, बिटिया. छीलो तो आधी रह जाती है."

*

ही चूक फोनची होती. पुढची माझी.

त्या बेटावरच्या खटल्याच्या प्रकरणात एक धडा आला: "कुत्ते का मुक़दमा". साहेबांना त्या दिवशी खोकला होता, आवाज बसलेला. मला वाटलं, माझीच ऐकण्यात चूक होतेय. एवढा मोठा खटला, नव्या पार्टीचे राष्ट्राध्यक्ष आणि मंत्री आरोपी, तिथे कुत्रा कुठून येईल? मी विचार केला, हे "कुर्ते का मुक़दमा" असणार. टोपीवरून कायदा झाल्याचं त्यांनीच सांगितलं होतं, मग कुर्त्यावरून खटला का नसेल? केलं सगळीकडे कुर्ता!

शुक्रवारी त्यांनी प्रूफ वाचलं. "बादशाह ने राष्ट्रपति को एक शिकारी कुर्ता भेंट किया." पुढे, "कुर्ता चिड़ियाघर को बेच दिया गया."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बिटिया, चिड़ियाघर वाले कुर्ते का क्या करेंगे?"

तेव्हा कळलं, की कुत्राच होता! परदेशी बादशहानं भेट दिलेला कुत्रा राष्ट्राध्यक्षांनी प्राणिसंग्रहालयाला विकायला लावला, म्हणून खरोखरीच खटला भरला होता. म्हणजे जे मला चूक वाटलं ते खरं होतं, आणि मी जे शहाणपण केलं ते...

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "काहून डोकं लावतं तू? जसं सांगते तसं छाप ना!"

तेव्हापासून मी तेच करते. कानावर पडेल ते टाइप.

*

टंडन साहेब नोव्हेंबरात आले, हयातीच्या दाखल्याचा फॉर्म प्रिंट करायला. सरकारी खात्यातून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचे. मी फॉर्म शोधत होते आणि ते माझ्या स्क्रीनवरचं पान वाचत होते.

"ग़लत है," एकदम म्हणाले. "सेना ने सत्ता हथियाई, ये ग़लत है. लिखिए, सँभाली. अख़बार बंद करा रहा था वो आदमी, पत्रकारों को जेल भेज रहा था. फ़ौज क्या करती?"

मी म्हटलं, "सर, किताब रिझवी साहब की है."

त्यांचा चेहरा बदलला. "मालूम है. लखनऊ में और कौन लिखेगा!"

हळूहळू कळलं. दोघं कॉलेजपासूनचे जिगरी दोस्त. चाळीसेक वर्षांपूर्वी कॉफी पिताना ह्याच विषयावरून भांडण झालं, की लष्करानं केलं ते बरोबर की चूक. तेव्हापासून बोलणं बंद! भांडण नक्की तुर्कस्तानवरूनच झालं, की त्यामागे आपल्या इथलं काही होतं, हे मला आजवर समजलेलं नाही. दोघंही विचारलं की छताकडे बघतात.

मग टंडन साहेब दर मंगळवारी यायला लागले. कधी आधार कार्डाची झेरॉक्स, कधी लिफाफा. आदल्या दिवशी टाइप केलेलं पान वाचायचे, एक चूक दाखवायचे, जायचे. खरंच चूक असायची म्हणून मी दुरुस्त करायची. आणि एकदा, देवाशपथ कसं ते माहीत नाही, "हथियाई"चं "सँभाली" होऊन गेलं.

बुधवारी रिझवी साहेबांनी ते वाचलं. मला वाटलं, आता भडकणार. ते फक्त म्हणाले, "घुटने का दर्द कैसा है उसका?"

*

ह्या सगळ्यात माझं डोकं पार भंजाळलं होतं. तो पंतप्रधान चांगला होता की वाईट? मी साहेबांना सरळ विचारलं.

"लोगों ने तीन-तीन बार चुना, तो अच्छा था. अख़बार बंद कराए, तो बुरा था. फाँसी हुई..." इथं ते थांबले. "फाँसी के बाद, बिटिया, सवाल ही बदल जाता है."

टंडन साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "बुरा था." दारापर्यंत गेले, परत आले. "पर फाँसी नहीं देनी थी." पुन्हा गेले.

घरी जेवताना मी हे सगळं सांगितलं. माझी लेक प्रज्ञा स्पर्धा परीक्षांची तयारी करते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. "मम्मी, एग्ज़ाम में ऑप्शन चार होते हैं. ये पाँचवाँ वाला आदमी है."

ह्यांनी विचारलं, "नंतर काय झालं त्याचं?"

मी म्हटलं, पुष्कळ वर्षांनी सरकारनंच त्याला त्या बेटावरून आणून सन्मानानं पुन्हा दफन केलं. एका एअरपोर्टला त्याचं नावही दिलं.

"एअरपोर्टला?" ह्यांनी भात कालवायचा थांबवला. सगळी हयात एअरफोर्सात गेलेला माणूस. "मग चांगलाच असन!"

*

आता हा एकच, मग उठते.

शेवटचं प्रकरण चाललं होतं. एका मंगळवारी सुट्टीमुळे दुकान बंद होतं, म्हणून टंडन साहेब बुधवारी आले. रिझवी साहेब आधीच बसलेले, दाराकडे पाठ, रजिस्टरात डोकं. मी टंडन साहेबांना पाहिलं आणि टाइप करायची थांबले. ते दारातच थबकले. पण गेले नाहीत. आत येऊन स्टुलावर बसले.

रिझवी साहेबांनी पाहिलं. पुन्हा रजिस्टर उचललं आणि सांगायला लागले. फाशीची शिक्षा झाल्यावर काय झालं, तो भाग. ज्या म्हाताऱ्या नेत्याला त्या पंतप्रधानानं हरवलं होतं, दहा वर्षं सळो की पळो करून सोडलं होतं, त्याच म्हाताऱ्यानं लष्कराच्या प्रमुखाला पत्र लिहिलं.

मी टाइप करत होते. माझं काम असं आहे, की कान ऐकतात आणि बोटं चालतात. मध्ये मी नसते. समोरच्या टपरीवरून चहा आला, कुणी मागवला माहीत नाही. मी मान खाली घालून टाइप करत राहिले. दोघं चहा पिऊन उठले. आधी रिझवी साहेब बाहेर पडले, त्यांच्यामागे टंडन साहेब. छत्री दुकानातच राहिली. मग मी स्क्रीन वाचला.

"बूढ़े नेता ने फ़ौज के मुखिया को ख़त लिखा कि इन्हें फाँसी न दी जाए चीनी कितनी छोड़ दी कब से सकीना के जाने के बाद से तू आया नहीं आया था गेट तक फिर लौट गया"

सकीना म्हणजे साहेबांच्या बेगम. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

ते पुसायला हवं होतं. माझ्याच्यानं होईना. प्रूफात तसंच ठेवलं.

शुक्रवारी दोघं बरोबर आले. मी पान पुढे केलं. दोघांनी वाकून वाचलं. मला वाटलं, आता म्हणतील, काढून टाक.

टंडन साहेबांनी एका शब्दावर बोट ठेवलं.

"यहाँ ग़लत है. मैंने गेट नहीं कहा था. बरामदे तक."

बरामदा म्हणजे थेट घराचा व्हरांडा. रिझवी साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरामदे तक?"

"हाँ."

रिझवी साहेब माझ्याकडे वळले. "ठीक कर दो, बिटिया."

मी "गेट" खोडलं आणि "बरामदे" लिहिलं.